झाकली मूठ उघडा: ब्रिटनमधल्या फिल्म-संग्राहकांना खुले पत्र

ब्रिटनमधल्या ज्ञात-अज्ञात फिल्म-संग्राहकांनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे आणि तुमच्यापैकी शंभरातल्या नव्याण्णवांना ते वाचता येणार नाही, याची मला कल्पना आहे. ‘डॅड्स आर्मी’ या बीबीसीच्या जुन्या विनोदी मालिकेचे हरवलेले भाग कुणाकडे असतील तर द्या, अशा विनवण्या इंग्रजीत बऱ्याच करून झाल्या. बीबीसीने केल्या, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केल्या, हौशी मंडळींनी तर हात जोडून केल्या. तुम्ही त्या वाचल्यात आणि फिल्मचा डबा पुन्हा माळ्यावर सरकवलात. म्हणून म्हटलं, एकदा आपल्या भाषेत मनातलं बोलून घ्यावं. शिवाय आमच्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ अशी एक म्हण आहे. यातली सून कोण, ते पत्राच्या शेवटाकडे येईल.

मी मूळचा ठाण्याचा, धंद्याने एक्स-रे टेक्निशियन. २००२ साली नोकरीसाठी इंग्लंडला आलो आणि मिडलंड्समधल्या एका गावात एका वृद्ध बाईंच्या घरी भाड्याने राहिलो. शनिवारी संध्याकाळी बाई चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसत आणि बीबीसी टूवर ‘डॅड्स आर्मी’चा एखादा जुना भाग लागे. पहिले दोन-तीन शनिवार मला ओ की ठो कळलं नाही. बरेचसे म्हातारे, त्यांच्यात एक पोरगेलासा मुलगा, खांद्याला बंदुका, आणि कवायतीत एक आजोबा कायम सगळ्यांच्या एक ठेका मागे. बाई हसून हसून डोळे पुसत. मग त्यांनीच समजावलं. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये मुसंडी मारत होत्या, तेव्हा वयाने किंवा कामामुळे सैन्यात न गेलेल्या पुरुषांना सरकारने गावोगावच्या रक्षणाला बोलावलं. तेच पुढे होम गार्ड झालं. बाईंचे वडील त्यात होते आणि सुरुवातीला झाडूचा दांडा घेऊन कवायत करत होते. “बाबांना ही मालिका बघायला मिळाली असती, तर त्यांनी टीव्ही फोडला असता,” बाई म्हणाल्या, “आणि पुढच्या शनिवारच्या आत दुसरा आणला असता.”

तुम्हाला ही मालिका पाठ आहे, पण हे पत्र चोरून वाचणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडं सांगतो. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिलेली ही मालिका ३१ जुलै १९६८ ला सुरू झाली आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये संपली. नऊ पर्वं, ८० भाग. पेरी स्वतः पोरवयात वॉटफर्डच्या होम गार्डमध्ये होता, त्यामुळे फजिती सगळी अनुभवातली. वॉल्मिंग्टन-ऑन-सी नावाच्या काल्पनिक गावात बँकेचा मॅनेजर मेनवारिंग (उच्चार मात्र ‘मॅनरिंग’) तुकडीचा कॅप्टन होऊन बसतो. बँकेत त्याच्या हाताखाली असलेला विल्सन इथे सार्जंट, पण घराण्याने मॅनेजरपेक्षा वरचढ, आणि मॅनेजरचं कायमचं दुखणं तेच. सुदानच्या जुन्या लढायांच्या गोष्टी सांगणारा खाटीक जोन्स, सतत अशुभ बोलणारा स्कॉटिश फ्रेझर, काळाबाजारवाला वॉकर, ऐन मोहिमेत बाथरूमला जायची परवानगी मागणारा गॉडफ्री, आणि आईने गळपट्टा गुंडाळून पाठवलेला पाइक. आमच्या ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला यातला एकही जण परका वाटणार नाही.

या ८० पैकी तीन भाग आज कुणालाही बघता येत नाहीत. तिन्ही दुसऱ्या पर्वातले, १९६९ च्या मार्च-एप्रिलमधले, कृष्णधवल. ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स वॉकर’, ‘अ स्ट्राइप फॉर फ्रेझर’ आणि ‘अंडर फायर’.

आणि मुद्दा हा, की गेली वीस वर्षं मी ऐकतोय की ते आहेत. कुणाच्या तरी मेव्हण्याकडे आहेत. ऑस्ट्रेलियात आहेत. एका म्हाताऱ्याने मरताना मुलाला सांगितलं, मुलाने विकले, घेणारा बोलत नाही. एकदा मी फिल्म-संग्राहकांच्या मेळ्याला गेलो होतो. सभागृहात टेबलांवर डबेच डबे, आणि टेबलांमागे तुम्ही. एका गृहस्थाकडून मी जुन्या बातमीपटाचं एक छोटं रीळ घेतलं आणि सहज विचारलं, ‘डॅड्स आर्मी’चं काही? त्याने इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, “फ्रेझर मी पाहिलाय. कुणाकडे ते विचारू नका.” त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो ते रीळ स्वतःच्या हातात असतं तरी झाला नसता. आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचा अर्धा बाजार त्या सव्वा लाखावर चालतो.

तुमच्यावर रागावण्याआधी एक कबूल करतो. हे भाग तुम्ही हरवले नाहीत. ते बीबीसीने पुसले. त्या काळात कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या टेपवर मुद्रित होत. टेप महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम किती वेळा पुन्हा दाखवायचा यालाही मर्यादा होत्या. त्यात १५ नोव्हेंबर १९६९ ला बीबीसी वनवर रंग आला, आणि कृष्णधवल सगळंच एका रात्रीत शिळं झालं. घरोघर टेप लावून बघायची सोय येईल, असं त्या कार्यालयात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदवीरांचा ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’ हा कार्यक्रम पुसायला निघाले तेव्हा कुकने नव्या टेपांचे पैसे द्यायची तयारी दाखवली होती, तरी ऐकलं नाही, असं सांगतात. ‘स्टेप्टो अँड सन’ या दुसऱ्या विनोदी मालिकेचे लेखक गाल्टन आणि सिम्प्सन शहाणे निघाले. त्यांनी आपल्या भागांच्या साध्या कृष्णधवल प्रती करवून घेतल्या, म्हणून १९७० चे कितीतरी भाग रंग गमावून का होईना, पण जिवंत आहेत. १९७८ च्या सुमारास बीबीसीला शुद्ध आली आणि नीट संग्रह उभा राहू लागला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आशा राहते ती फिल्मवर. परदेशी विक्रीसाठी वगैरे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून १६ मिलिमीटरच्या प्रती काढत. अर्ध्या तासाच्या भागाला साधारण साडेअकराशे फूट फिल्म लागते, म्हणजे एक रीळ, जेवणाच्या ताटाएवढ्या घेराचा एक चपटा डबा. तीन भाग म्हणजे तीन डबे. दिवाणाखाली सहज मावतील.

हे दिवास्वप्न नाही, कारण एकदा घडलंय. दुसऱ्या पर्वाच्या सहा भागांपैकी मुळात पाच गेलेले होते. २००१ साली त्यातले दोन, ‘ऑपरेशन किल्ट’ आणि ‘द बॅटल ऑफ गॉडफ्रीज कॉटेज’, परत आले. कुठून? एका माणसाच्या बागेतल्या शेडमधून. एल्स्ट्रीच्या स्टुडिओबाहेर कचऱ्याच्या स्किपमध्ये टाकलेले डबे कितीतरी वर्षांपूर्वी उचलून आणलेले, गंजलेले, आतली फिल्म वाईट अवस्थेत. तरी तज्ज्ञांनी ती साफ केली, सावरली, आणि बत्तीस वर्षांनी ते दोन भाग लोकांनी पुन्हा बघितले. कचऱ्यातून डबा उचलणारा तो माणूस माझ्या मते त्या वर्षी पुसणाऱ्या अख्ख्या खात्यापेक्षा शहाणा होता.

आता माझ्या घरमालकीणबाईंची गोष्ट सांगायला हवी. १९६९ मध्ये त्यांनी ते तिन्ही भाग नवऱ्याबरोबर बघितले होते. त्यातल्या एकात मेनवारिंगची बायको दिसली होती, असं त्या शपथेवर सांगत. निळा झगा घातलेली, ठेंगणी, नाकात बोलणारी. आता, ज्यांना मालिका माहीत आहे त्यांना इथेच ठसका लागला असेल. मेनवारिंगची एलिझाबेथ अख्ख्या मालिकेत एकदाही दिसत नाही. फोनवर तिचा धाक दिसतो, एका भागात वरच्या बाकड्यावर झोपलेल्या तिच्या वजनाने आलेला फुगवटा दिसतो, बस. हरवलेल्या तिन्ही भागांच्या संहिता शिल्लक आहेत, त्यांतही ती नाही. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्ही होतात का हो इथे १९६९ मध्ये?” मी गप्प बसलो. रात्री अंथरुणात लक्षात आलं की टीव्ही कृष्णधवल होता, मग झगा निळा कसा? पण तो मुद्दा मी पुढे काढला नाही.

अफवा अशीच तयार होते. भाग नसला की त्याची जागा रिकामी राहत नाही, तिथे लोक आपापली एलिझाबेथ आणून बसवतात. कुणी म्हणतं एक चौथा हरवलेला भाग आहे, कुणी म्हणतं सेन्सॉर केला होता. कुणीही खोटं बोलत नसतं. खोटं ठरवायला रीळ लागतं, आणि ते तुमच्या दिवाणाखाली.

अफवेने तुमचा फायदा होतो असं वाटत असेल, तर २०१३ आठवून बघा. विनोदी मालिका नव्हे, ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेची गोष्ट. फिलिप मॉरिस नावाचा संशोधक आफ्रिकेतल्या टीव्ही केंद्रांच्या गोदामांत धूळ झाडत फिरत होता. त्याला काहीतरी मिळालंय एवढं बाहेर फुटलं आणि वावड्यांना ऊत आला. नव्वद भाग मिळाले, शंभर मिळाले, लपवून ठेवलेत, बीबीसी दाबतेय. ऑक्टोबरात जाहीर झालं: नायजेरियातल्या जोस शहरातल्या केंद्रातून हरवलेले नऊ भाग मिळाले. नऊ! सोन्याहून पिवळी बातमी. पण नव्वद ऐकलेल्या लोकांना नऊ कमी वाटले, आणि ज्याने आणले त्याच्याच मागे लोक हात धुऊन लागले की उरलेले कुठे लपवलेस. असं झाल्यावर पुढचा माणूस तोंड उघडेल का? जितकी कुजबुज वाढते, तितका खरा डबा आणखी खोल जातो. मेळ्यातल्या त्या गृहस्थाला हे सांगायचं राहून गेलं.

तुमची भीती मला कळते. बॉब मंकहाउस टीव्हीवरचा मोठा विनोदवीर, आणि तुमच्याच पंथाचा. १९७० च्या दशकाच्या शेवटी पोलिसांनी त्याच्या फिल्म जप्त केल्या, १९७९ मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत खटला उभा राहिला. तो निर्दोष सुटला, पण तुमच्या पिढीने त्यातून घ्यायचा तो धडा घेतला: गप्प बसावं. गंमत बघा, २००३ मध्ये मंकहाउस गेल्यावर त्याच्याच संग्रहातून हरवलेले मानलेले कितीतरी कार्यक्रम निघाले. ज्याला चोर ठरवायला निघाले होते, तोच राखणदार निघाला. या बाबतीत बीबीसीकडेही माझं मागणं आहे. डबा आणून देणाऱ्याला काही विचारलं जाणार नाही, प्रत काढून डबा परत मिळेल, हे एका पानावर, वकिली भाषा न वापरता, सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. तोंडी आश्वासनाने सत्तरीचा माणूस माळ्यावर चढत नाही.

मात्र व्यवहारात काय होतं त्याचे दाखले आहेत. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका संग्राहकाकडे ‘डॉक्टर हू’चा एक हरवलेला भाग निघाला. त्याने रीळ उसनं दिलं, बीबीसीने प्रत काढली, रीळ परत गेलं. त्याच्या कपाटातून काहीही कमी झालं नाही. २०११ मध्ये आणखी दोन भाग मिळाले ते टीव्ही कंपनीतल्या एका निवृत्त इंजिनीअरकडे. १९८० च्या दशकात शाळेच्या जत्रेत त्याने ती रिळं घेतली होती, आणि ती हरवलेल्यांच्या यादीत आहेत हे त्या गृहस्थाला माहीतच नव्हतं! लंडनमध्ये १९९३ पासून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट ‘मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड’ नावाचा कार्यक्रम करते, त्यात अशा परत आलेल्या गोष्टी दाखवतात. तुमच्यापैकी बरेच जण तिथे मागच्या रांगेत येऊन बसत असणार.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो. १९८० च्या दशकात मुंबईतल्या एका रुग्णालयात मी नवीन लागलो, तेव्हा जुन्या एक्स-रेंची खोली लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दार उघडताच लोणच्याच्या कारखान्यात शिरल्यासारखा आंबट वास. जुन्या अॅसिटेट फिल्मचा तो वास. उष्णता आणि दमट हवा लागली की तिच्यातून अॅसेटिक अॅसिड सुटू लागतं, म्हणजे तेच, जे व्हिनेगरमध्ये असतं. एकदा सुटू लागलं की ते अॅसिडच पुढची नासाडी वेगाने करतं. फिल्म आक्रसते, लाटा आल्यासारखी वाकडी होते, शेवटी ठिसूळ होऊन हातात तुटते. घट्ट बंद डब्यात ही वाफ कोंडते आणि काम आणखी लवकर उरकतं. वर ते शेजारच्या डब्यांनाही लागतं, आढीतल्या एका नासक्या आंब्यासारखं. तुमच्या १६ मिलिमीटरच्या प्रती याच जातीच्या फिल्मवर आहेत. इंग्लंडमधला माळा उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात ओल धरतो. १९६९ ला आता किती वर्षं झाली ते बोटांवर मोजा. डबा उघडून नुसतं हुंगा. वास आला, तर तुमच्याकडे असलेला वेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. मूठ झाकलेलीच राहील आणि आत चिकट गोळा उरेल, त्याला सव्वा रुपयाही कुणी देणार नाही.

कुणी म्हणेल, त्या तीन भागांत एवढं काय आहे? तिन्हींची रेडिओ रूपांतरं ऐकायला मिळतात. २०१९ मध्ये नव्या नटांना घेऊन तिन्ही भाग पुन्हा चित्रित झाले, केविन मॅकनॅली मेनवारिंग झाला होता. ‘फ्रेझर’चा मूळ ध्वनी सापडला आणि २०१६ मध्ये त्यावर अॅनिमेशनही केलं गेलं. मी ते सगळं बघितलंय. नव्या नटांनी काम मनापासून केलंय. पण ‘अ स्ट्राइप फॉर फ्रेझर’ची कथा ऐका: मेनवारिंग फ्रेझरला लान्स कॉर्पोरलची फीत देतो, आणि ती दंडावर चढताच फ्रेझरच्या अंगात येतं. ज्याच्या-त्याच्यावर आरोपपत्र. फ्रेझर झालेला जॉन लॉरी शेक्सपिअर करत वाढलेला नट. त्याला त्या फितीने काय झालं असेल ते त्याच्या डोळ्यांत दिसलं असणार, आणि अॅनिमेशनवाल्यांना डोळे काढता येतात, लॉरीचे नाही.

वॉकरच्या भागाने मात्र माझा खरा जीव अडकलाय. त्याला सैन्यात भरतीचा हुकूम येतो आणि तुकडी हवालदिल होते, कारण व्हिस्कीपासून सिगारेटपर्यंत सगळं आणणार कोण? मेनवारिंग आणि विल्सन थेट युद्धखात्यात खेटे घालतात. शेवटी वॉकर सुटतो कशामुळे, तर डब्यातलं बीफ त्याच्या अंगाला मानवत नाही म्हणून! वॉकर करणारा जेम्स बेक १९७३ मध्ये गेला, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी. मालिका आणखी चार वर्षं चालली, तो नव्हता. ज्या भागाच्या नावातच त्याचं पात्र आहे आणि ज्यात सगळी धावपळ त्याच्यासाठी आहे, नेमका तोच नाही. पाइक झालेला इयन लॅव्हेंडर फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला. मुख्य सात जणांतला तो शेवटचा. ज्यांना ते भाग करतानाची मजा आठवत होती, त्यांच्यापैकी कुणाला ते पुन्हा दाखवण्याची वेळ तुम्ही घालवलीत.

आता सून. हे वाचणाऱ्या मराठी मंडळींनो, हसू नका, कारण आपलं घर काही वेगळं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चिमणराव-गुंड्याभाऊ बघायला शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेली माणसं अजून आहेत, पण मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता येत नाही. टेपा आपल्याकडेही पुसल्याच जात होत्या. आणि आपल्याकडेही कुणाच्या तरी काकांच्या कपाटात घरी मुद्रित केलेल्या कॅसेटी आहेत, जुन्या नाटकाच्या चित्रफिती आहेत, कुणा दिवंगत वितरकाच्या गोदामात मराठी बोलपटांची रिळं आहेत. ‘मी कुणाला देणार नाही, लोक परत करत नाहीत’ हे वाक्य मी पुण्यातही ऐकलंय आणि इंग्लंडमधल्या त्या मेळ्यातही, आणि दोन्हीकडे मान हलवायची तऱ्हा सारखी होती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. एकदा फोन तर करा.

ब्रिटनमध्ये जुनी घरं घेणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं सांगतो. हाउन्स्लो, हॅरो, स्लाव, कुठेही. आधीच्या मालकाचा पसारा माळ्यावर किंवा बागेतल्या शेडमध्ये राहिलेला असतो आणि आपण पहिल्या शनिवारी स्किप बोलावतो. पसाऱ्यात चपटे, गोल, ताटाएवढे पत्र्याचे डबे दिसले, तर आंबट वास येतो म्हणून फेकू नका. प्रोजेक्टरवर लावून बघायच्या फंदात पडू नका, आक्रसलेली फिल्म त्यात फाटते. डब्यावरची चिठ्ठी काढू नका, गंज खरवडू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला कळवा.

आणि संग्राहकहो, तुम्ही. नाव सांगू नका, पत्ता देऊ नका, मध्ये हवा तर वकील ठेवा. फक्त एका आठवड्यासाठी रीळ द्या.

आपला,
एक ठाणेकर, सध्या मुक्काम मिडलंड्स

ता. क. आमच्या घरमालकीणबाई २०१४ मध्ये गेल्या, शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम. तुमच्या डब्यात चुकून मेनवारिंगची बायको निघालीच, तर बीबीसीच्या आधी मला कळवा. झगा निळा असो वा नसो.